जीआयएस प्रशिक्षण, कार्यालयीन

ज्यांचा भूगोल किंवा सर्वेक्षण हा विषय नाही, अशा कर्मचाऱ्यांना त्यांच्या कामापुरती भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस), म्हणजे तक्त्यातली माहिती नकाशाशी जोडून पाहण्याची संगणक प्रणाली, शिकवण्याची पद्धत. कर आकारणीतील लिपिक, पाणीपुरवठ्याचे कनिष्ठ अभियंते, आरोग्य निरीक्षक आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते हे तिचे नेहमीचे विद्यार्थी.

पुण्यात अशा प्रशिक्षणाची गरज उघड दिसते. जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, १९८८ मध्ये स्थापन झालेले सी-डॅक हे संगणक संशोधन केंद्र आणि शासकीय कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारी यशदा ही सगळी याच शहरात आहेत. शिवाय शहराची हद्द सरकत असते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. गट नंबर, मिळकत क्रमांक आणि नकाशा यांची सांगड घालण्याचे काम मग टेबलावरच्या माणसाकडेच येते.

सॉफ्टवेअरचा प्रश्न फारसा उरलेला नाही. क्यूजीआयएस विनामूल्य आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. अडते ते माहितीपाशी. पुण्याचे अक्षांश सुमारे १८.५२ आणि रेखांश ७३.८६. एक्सेलमधून बिंदू आणताना हे दोन रकाने उलटे जोडले, की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. वर्गात हशा पिकतो, पण मुद्दा पक्का बसतो. प्रक्षेपणाचे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीतीचे, तसे नाही, तिथली चूक गुपचूप होते. नकाशा अंशांत असताना शाळेभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढायला गेले तर प्रणाली ५०० हा आकडा अंश म्हणून घेते, आणि एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून मोजमापाआधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर हा विभाग निवडायला शिकवतात. नागपूरचे सहकारी मात्र ४४ मध्ये येतात.

सर्वांत जास्त वेळ नावे खातात. वडगाव बुद्रुक, वडगाव बुद्रूक आणि वडगाव बु. ही संगणकाला तीन गावे. त्यात वडगाव शेरी आणि वडगाव मावळ वेगळीच. दोन तक्ते नावाऐवजी जनगणनेच्या गाव-संकेतांकावरून जोडावेत, हा धडा कुठल्याही रंगीत नकाशापेक्षा उपयोगी. युनिकोड ही अक्षरांची सामाईक संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या याद्या तर आधी रूपांतरित कराव्या लागतात, नाहीतर तक्त्यात नुसती चिन्हे दिसतात.

अनेक अभ्यासक्रमांची सुरुवात उपग्रहांच्या इतिहासाने होते. ती तासिका गाळली तरी बिघडत नाही. कर्मचाऱ्याने स्वतःच्या कार्यालयातली यादी आणि एखादा खरा प्रश्न घेऊन यावे, हे बरे: कोणत्या मिळकतींना आकारणी नाही, कोणत्या वस्तीपासून दवाखाना लांब आहे. एका टेबलावरून दोघांना पाठवणेही शहाणपणाचे, कारण शासकीय नोकरीत बदली ठरलेली असते आणि फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे एकालाच माहीत असते.