बाल प्रवासी सुरक्षा तंत्रज्ञ

मोटारीत लहान मुलासाठी लागणारे वेगळे आसन कसे निवडावे, ते गाडीत घट्ट कसे बसवावे आणि मुलाला त्यात कसे बांधावे, हे आईवडिलांना शेजारी उभे राहून शिकवणारी प्रमाणपत्रधारक व्यक्ती. यांतले बरेच जण हे काम स्वयंसेवक म्हणून करतात. पुण्यात या आसनाला सगळे ‘कार सीट’च म्हणतात, म्हणून या नोंदीतही तोच शब्द वापरला आहे.

ही कल्पना अमेरिकेतली. लहान मुलांसाठी कार सीट सक्तीची करणारा पहिला कायदा टेनेसी राज्यात १९७८ साली लागू झाला. १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. सीट घरोघर आल्या, पण बसवण्यात चुका होत राहिल्या. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने देशभरासाठी एकच अभ्यासक्रम आखला. प्रमाणपत्र देण्याचे काम ‘सेफ किड्स वर्ल्डवाइड’ ही संस्था पाहते. याच प्रशासनाने २०११ साली केलेल्या पाहणीत सुमारे ४६ टक्के सीटच्या वापरात काही ना काही चूक आढळली. मोटारीतल्या तान्ह्या बाळाच्या मृत्यूचा धोका कार सीटमुळे ७१ टक्क्यांनी कमी होतो, असेही हेच प्रशासन सांगते. घरात सीट असूनही मूल धोक्यात राहावे, ही गोष्ट मनाला लागते, आणि हे पद निघाले ते त्यासाठीच.

प्रशिक्षणाला वय १८ पूर्ण लागते. वर्ग साधारण तीन ते चार दिवस चालतो. पुस्तकातला भाग थोडा, गाड्यांमधला जास्त : वेगवेगळ्या सीट वेगवेगळ्या गाड्यांत बसवायच्या, काढायच्या, पुन्हा बसवायच्या. लेखी चाचण्या होतात, हातच्या कौशल्याची परीक्षा होते आणि शेवटी लोकांच्या खऱ्या गाड्या येतात. शिकाऊ तंत्रज्ञ प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली त्या तपासतात. परिचारिका, अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, घरी असलेल्या माता असे सगळ्या तऱ्हेचे लोक या वर्गात दिसतात. प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. नूतनीकरणासाठी पाच सीट नीट तपासल्याचा दाखला, सहा एककांचे पुढचे शिक्षण आणि एखाद्या सार्वजनिक शिबिरात निदान दोन तास काम, एवढे लागते.

या कामाचा खरा गाभा एका नियमात आहे. शेवटी सीट तंत्रज्ञाने बसवायची नाही, आईने किंवा बापाने बसवायची. तंत्रज्ञ आधी विचारतो, बघतो, मग दाखवतो आणि मग हात मागे घेतो. कार धुवायला न्यायची म्हणून सीट पुढच्याच आठवड्यात निघणार असते, आणि तेव्हा तंत्रज्ञ तिथे नसतो. कुशल माणसाला स्वतःचे हात आवरणे हेच या प्रशिक्षणात सर्वांत अवघड जाते. चूक सापडली तरी पालकाला अपराधी वाटू न देता ती दाखवणे हाही शिकण्याचाच भाग आहे.

तपासणीची सुरुवात दोन पुस्तिकांपासून होते, एक सीटची आणि एक गाडीची. बाळाचे वजन, उंची व वय यांवरून सीटचे तोंड कोणीकडे ते ठरते. तान्ह्या बाळाचे डोके जड आणि मान कोवळी, म्हणून त्याची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवतात. धडक बसली की पाठ, मान आणि डोके सीटच्या पाठीवर एकत्र पेलले जातात. सीटच्या मर्यादेत बसेपर्यंत मूल असेच उलटे, म्हणजे मागे तोंड करून, ठेवणे चांगले. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल, तर अशी उलटी सीट तिथे कधीही ठेवायची नाही. मग गाडीचा पट्टा जिथून जातो त्या जागी सीट धरून हलवून पाहायची. ती एक इंचाहून अधिक सरकता कामा नये. खांद्याचे पट्टे उलट्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली, पुढे तोंड केलेल्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर हवेत. पट्टा ओढल्यावर गळ्याखालच्या हाडापाशी त्याची चुणी चिमटीत धरता येऊ नये.

चुणीच्या याच परीक्षेत पुण्यातली बाळे हटकून नापास होतात, कारण बाळ दुपट्यात गुंडाळलेले असते. प्रसूतिगृहातून घरी निघताना टोपरे, दुपटे आणि वर शाल असे आजीने मायेने केलेले गाठोडे पट्ट्यात बसत नाही. पट्टा दोन पायांमधून यावा लागतो आणि दुपट्याने तर पाय एकत्र बांधलेले असतात. उपाय सोपा आहे. बाळाला साध्या कपड्यांत ठेवून पट्टे आवळायचे आणि दुपटे वरून पांघरायचे. ऊबही राहते, आजीचा मानही राहतो.

मांडीचा प्रश्न त्याहून नाजूक. बाळ आपल्या मांडीवर सर्वांत सुरक्षित, ही समजूत प्रेमातून आलेली आहे. पण गाडी ताशी ५० किलोमीटर वेगावरून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर १० किलोचे मूल हातांना जवळजवळ १४० किलोचे वाटते. एवढे वजन कुणाच्याच हातात राहणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेग याच्या दुप्पट असतो. मागच्या सीटवर कार सीटशेजारी आजी बसली, तर बाळाचा हात तिच्या हातात राहू शकतो. घरातली समजूत अनेकदा एवढ्यावरच निघते.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आले : १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता गाडी चालवल्यास १,००० रुपये दंड. कायदा दंड सांगतो, पण सीट बसवायला कोण शिकवणार ते सांगत नाही. बालआसनांचे भारतीय मानक एआयएस-०७२ आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप तारांकनाचे, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देण्याचे, काम पुण्याजवळच्या भोसरीच्या केंद्रीय रस्ता परिवहन संस्थेकडे आहे, आणि धडक चाचण्या घेणाऱ्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या नावाने तर पुण्यात टेकडीच ओळखली जाते. बालसुरक्षेच्या ४९ गुणांपैकी १२ गुण गाडीत बालआसने किती नीट बसतात याचे असतात. ज्या शहरात हे गुण हाताळले जातात, तिथल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ही विद्या पोचायलाच हवी.

अमेरिकेहून परतलेली कुटुंबे कार सीट विमानातून घेऊन येतात. तिथल्या गाड्यांतला पट्टा पूर्ण बाहेर ओढला की बहुधा जागच्या जागी अडकतो. इथल्या गाड्यांतला पट्टा सहसा झटका बसल्यावरच अडकतो. त्यामुळे तिथे घट्ट बसणारी सीट इथे सैल राहू शकते. सीटला स्वतःची पट्टा-पकड, म्हणजे गाडीचा पट्टा आवळून धरणारा चिमटा, आहे का, हे तंत्रज्ञ आधी पाहतो. गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे कार सीट थेट गाडीला अडकवण्याचे, हूक असतील, तरी बाहेरून शिवून घेतलेल्या रेक्झिनच्या कव्हरखाली ते कधी कधी दडून बसतात आणि मालकाला पत्ताच नसतो.

पाळणा, बाळलेणी, झबली एका घरातून दुसऱ्या घरात जातात, तशी कार सीटही चुलत-मावस भावंडांत फिरते. इथे तंत्रज्ञ सीट उलटी करून तळाची चिठ्ठी वाचतो. निर्मितीची तारीख, वापराची मुदत आणि सीट मोठ्या अपघातातून गेली आहे का, या तिन्हींचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ती सीट पुढच्या बाळाला द्यायची नाही.