नेत्यांच्या कल्पित कुस्त्या

खरे आणि काल्पनिक राष्ट्रप्रमुख एकाच आखाड्यात उतरवून बाद फेरीने विजेता ठरवण्याचा, निव्वळ बोलण्यावर चालणारा खेळ. यात कोणी घाम गाळत नाही. जोड लावायची, बाजू मांडायची आणि हात वर करून कौल घ्यायचा. जोड बरोबरीची हवी हा दंडक मात्र जुना आहे: मगधाच्या जरासंधाने कृष्ण, अर्जुन आणि भीम यांच्यातून भीमाला निवडले, ते तोलामोलाचा गडी म्हणून.

खरी रंगत लढतीपेक्षा नियमांच्या वादात असते, आणि त्यातही नेता कोणत्या वयाचा धरायचा यावर. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदावरचे धरले तर ते पन्नाशी उलटलेले गृहस्थ ठरतात. पण 1831 मध्ये न्यू सेलम येथे जॅक आर्मस्ट्राँगशी झुंजलेला उंचापुरा तरुण धरला, तर सोडतीतले निम्मे गडी आधीच गारद होतात. युगांडाचा इदी अमीन सैन्यात असताना मुष्टियोद्धा होता, तर जस्टिन ट्रूडो यांनी कॅनडाचे पंतप्रधान होण्यापूर्वी, 2012 मध्ये, सिनेटर पॅट्रिक ब्राझो यांना तिसऱ्या फेरीत हरवले. चित्रपटांतल्या राष्ट्राध्यक्षांना प्रवेश द्यावा का, यावर एकमत होणे कठीण, कारण पटकथाकार पाठीशी असलेला गडी सहसा पडत नाही.

गोमंतकीय मराठी वाचकाला जोडीसाठी फार लांब जावे लागत नाही. नेहरू आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार दोघांचाही जन्म 1889 चा, म्हणजे डिसेंबर 1961 मध्ये, गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाला तेव्हा, दोघेही बहात्तर वर्षांचे. नेहरूंचा शीर्षासनाचा नेम सर्वश्रुत आहे, उलट सालाझार हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. कागदावर तरी कुस्ती एकतर्फी दिसते. त्यातच सालाझारने शेवटपर्यंत लढण्याचा हुकूम लिस्बनहून सोडला आणि गोव्यातले त्याचे गव्हर्नर जनरल व्हासाल्लो ई सिल्वा यांनी तो न मानता 19 डिसेंबरला शरणागती पत्करली, तेव्हा हा गडी स्वतः लांग कसून मातीत उतरेल का, अशी शंका रास्तच आहे.

कल्पित राजांपैकी प्राग्ज्योतिषपूरचा नरकासुर दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यावर उभा असतो, पण तो कागद-गवताचा पुतळाच धरला तर पहाटेपर्यंतच टिकतो. त्याच्यासमोर कार्निव्हालचा किंग मोमो वजनाने नक्कीच भारी पडेल. अडचण एवढीच की त्याचे राज्य चार दिवसांचे, त्यामुळे त्याच्या सगळ्या फेऱ्या शनिवार ते मंगळवारातच उरकाव्या लागतात.