इंधन घट आणि बॅटरी

हायड्रोजनसारखे इंधन न जाळता त्यातली रासायनिक ऊर्जा थेट विजेत बदलणारे साधन म्हणजे इंधन घट. बॅटरीही रासायनिक क्रियेतूनच वीज देते, म्हणून दोघींची गल्लत होते. खरा फरक एवढाच, की खर्च होणारे द्रव्य कुठे असते.

गोव्यात जूनचा वारा सुटला, माडाचे झावळे तारांवर पडले की घरातला इन्व्हर्टर सुरू होतो. त्याच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात. वीज देताना प्लेटांवर लेड सल्फेट चढते, आम्ल पातळ होत जाते. बॅटरी आपल्याच अंगातले खर्चते. चार्जिंग म्हणजे हीच क्रिया उलटी फिरवणे.

इंधन घटात हायड्रोजन टाकीतून ऋण अग्रापाशी येतो. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. प्रोटॉन मधल्या पातळ पटलातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनांना तिथून वाट नसते, ते बाहेरच्या तारेने, दिवा पेटवत, धन अग्राशी पोहोचतात. तिथे हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी बनते. इन्व्हर्टरची बुचे उघडून आपण डिस्टिल्ड वॉटर ओततो. इथे पाणी आपणहून बाहेर येते. भार असताना एक घट जेमतेम ०.७ व्होल्ट देतो, म्हणून असे अनेक घट एकाला एक लावून रचतात. शक्ती किती मिळेल हे या रचनेवर ठरते, किती वेळ मिळेल हे टाकीवर.

कल्पना जुनी, ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांची, १८३९ची. तिची ताकद आणि दुबळेपणा, इंधन घटांच्या विजेवर चंद्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या अपोलो १३ यानाने एकदमच दाखवला. एप्रिल १९७०मध्ये त्या यानाची ऑक्सिजन टाकी फुटली, पुरवठा तुटला आणि काही तासांत इंधन घट बंद पडले. अंतराळवीरांना तारले ते चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या छोट्या यानातल्या बॅटऱ्यांनी.

विजेपासून हायड्रोजन बनवून पुन्हा वीज करण्यात निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते. लिथियम बॅटरीत हे नुकसान फार थोडे. त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरला, किंवा पणजी-बेतीसारख्या छोट्या फेऱ्या मारून धक्क्याला लागणाऱ्या फेरीबोटीला बॅटरीच योग्य. दिवसचे दिवस समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरचा विचार वेगळा: तेवढी ऊर्जा बॅटरीत भरायची तर तिचे वजनच मासळीची जागा खाईल, तिथे इंधन घट बरा. मात्र खाऱ्या हवेतले क्लोराइड प्लॅटिनमची कार्यक्षमता उतरवते, म्हणून किनाऱ्यावर घटाला मिळणारी हवा आधी गाळून घ्यावी लागते.