आईची इम्युनिटी, मुलाचा ऑटिझम आणि मधला सी-४

फोंड्यातल्या आमच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय, आईची इम्युनिटी वीक असली की मूल ऑटिस्टिक होतं, म्हणून गरोदरपणात अमुक बूस्टर घ्या. बूस्टरने विकणाऱ्याचं भलं होतं, बाकी काही नाही. पण घराण्यात चालणारा इम्युनिटी आणि ऑटिझमचा संबंध अगदीच हवेतला नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेत वॉरन आणि मंडळींना ऑटिस्टिक मुलांमध्ये आणि त्यांच्या आयांमध्ये सी-४ हे प्रोटीन बनवणाऱ्या दोन जीनपैकी (सी-४ए आणि सी-४बी) सी-४बीची निकामी प्रत जास्त सापडली. कुटुंबं मोजकीच होती, तेव्हा लगेच सुनेकडे बोट दाखवू नका.

आता हे सी-४ प्रकरण भारी आहे. रक्तातलं हे प्रोटीन जंतूच्या अंगाला चिकटतं, आणि चिकटलेलं दिसलं की भक्षक पेशी येऊन तो जंतू गिळतात. मेंदूतही हाच उद्योग चालतो. लहानपणी पेशी-पेशींमधले जोड, म्हणजे सिनॅप्स, गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यातले कुठले काढायचे त्यावर सी-४ आणि त्याच्या जोडीदार प्रोटीनची साखळी खूण करते आणि मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या भक्षक पेशी, ते खाऊन टाकतात, हायवे रुंद करताना झाडावर खूण करणारा वेगळा आणि करवतवाला वेगळा, तसंच. सी-४ नसलेल्या उंदरांत ही छाटणी कमी झालेली दिसली, आणि सी-४ए जास्त बनवणाऱ्या माणसांत स्किझोफ्रेनियाचा धोका वाढलेला, हे २०१६चं काम. त्याआधी २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दिसलं होतं की वयात येईपर्यंत मेंदूच्या एका भागातले सिनॅप्स साधारण निम्मे होतात, ऑटिझममध्ये मात्र जेमतेम १६ टक्के घटतात. म्हणजे सी-४ कमी, छाटणी कमी, म्हणून ऑटिझम? जुळतं छान, पण सिद्ध झालेलं नाही, ऑटिझममागे शेकडो जीन आहेत.

इम्युनिटी आणि ऑटिझम एकत्र दिसण्याचं स्वच्छ उदाहरण हवं तर २२क्यू११ नावाचा जनुकीय दोष. बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे थायमस ग्रंथी लहान राहते, तिथे तयार होणाऱ्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या टी-पेशी कमी पडतात आणि ऑटिझमचं प्रमाणही वाढतं. बहुतेकदा हे मुलातच नव्याने घडतं, पण आई किंवा बाबांकडे असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, आणि कधी कधी मुलाची टेस्ट झाल्यावरच आईबाबांचं कळतं. घरात दोघांना सारखं इन्फेक्शन होतं म्हणून दिष्ट काढत बसण्यापेक्षा ही २२क्यू११ची टेस्ट करा.

अशा मुलाला एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेलाची लस, द्यायच्या आधी डॉक्टर टी-पेशी मोजतात, कारण त्या लशीत जिवंत, पण कमजोर केलेले विषाणू असतात. ऑटिझमशी या लशीचा संबंध नाही, ती भीती १९९८च्या वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या पेपरची, जो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.