तातडीच्या उदरशस्त्रक्रियेनंतरची अतिदक्षता

आतड्याला छिद्र पडणे, आतडे अडकणे किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटणे अशा कारणांनी तातडीने पोट उघडावे लागलेल्या रुग्णाची आयसीयूतील देखभाल. भारतात विषमज्वर व क्षयामुळे आतडे फुटलेले रुग्णही यांत असतात. इंग्लंड-वेल्समध्ये या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद २०१३ पासून होते. मृत्यूचा अंदाजित धोका ५ टक्के वा अधिक असेल, तर तेथे रुग्णाला थेट अतिदक्षतेत ठेवावे असा निकष आहे.

पहिले काही तास रक्ताभिसरणाचे. सरासरी रक्तदाब ६५ मिमी पारा आणि लघवी ताशी दर किलो वजनामागे ०.५ मिली ही किमान उद्दिष्टे; लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारे आम्ल) उतरते आहे ना, हे पुन्हा तपासून पाहतात. दाब पडला की सलाईनच चढवत राहिल्यास आतडी सुजतात आणि शिवलेले पोट ताणते. म्हणून नॉरॲड्रेनालिन (रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणारे औषध) वेळेत सुरू करणे बरे.

पोटातला दाब मूत्राशयातून मोजतात. रुग्ण उताणा, लघवीच्या नळीतून फार तर २५ मिली सलाईन, मापकाचे शून्य काखेच्या मध्यरेषेशी, वाचन श्वास सोडून झाल्यावर. १२ मिमी पारा व त्यापुढचा दाब वाढलेला समजतात. तो २० च्या वर टिकला आणि मूत्रपिंड वा फुप्फुस नव्याने ढासळले, तर पोट पुन्हा उघडावे लागू शकते. नेहमीची चूक एककाची: पाण्याचे २० सेंमी म्हणजे पाऱ्याचे जेमतेम १५ मिमी. रुग्ण खोकत वा कण्हत असतानाचे वाचन तर सोडूनच द्यावे.

जोडलेले आतडे गळू लागले, तर ते बहुधा पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास कळते. ताप नसतानाही नाडी १२० वर जाते, रुग्ण बरळतो, फुगलेले पोट उतरत नाही. ड्रेन (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) कोरडा आहे यावर विसंबू नये. तो गुठळीने किंवा चरबीच्या पदराने बुजलेला असू शकतो. जखमेतून अचानक गुलाबी पाणी झिरपले, तर आतले टाके सुटले असे धरावे. आतडे बाहेर आलेच, तर ते आत ढकलू नये. सलाईनने भिजवलेल्या निर्जंतुक गॉजने झाकून सर्जनला बोलवावे.

दूषित जागा नीट साफ झाली असल्यास प्रतिजैविके साधारण ४ दिवस पुरतात. आतड्याचे आवाज ऐकू येण्याची वाट न पाहता, रक्तदाब स्थिर असल्यास २४ ते ४८ तासांत नळीने ताशी १०-२० मिली आहार सुरू करता येतो. बरेच दिवस उपाशी असलेल्यात मात्र वेग हळू ठेवून रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम रोज पाहतात.