अर्ध्याचा पाना, पण कोणत्या अर्ध्याचा?

डिचोलीला आमच्या पडवीतल्या टेबलावर आत्ता दोन पाने शेजारी शेजारी पडले आहेत. दोन्ही जुने, दोन्ही घडीव पोलादाचे, आणि दोन्हींवर १/२ कोरलेलं. एकाच्या तोंडात माझ्या करंगळीचं टोक कसंबसं शिरतं, दुसऱ्याच्या तोंडात अंगठा आरामात मावतो. एक १२.७ मिलिमीटरचा, दुसरा सुमारे २३.४ चा. आकडा मात्र एकच.

जुन्या मोटारींबरोबर आलेले पाने गोळा करणारा नवा माणूस बहुतेक वेळा इथेच पहिल्यांदा फसतो. पान्यावर गाडीचं नाव दिसलं की तो हरखून जातो आणि माप बघायचं राहून जातं. माझं मत अगदी उलट आहे: आधी तोंड मोजा, नाव नंतर वाचा.

अर्धा इंच नेमका कशाचा, एवढाच हा प्रश्न आहे. अमेरिकी पद्धतीत, म्हणजे ज्याला ए.एफ. (अक्रॉस फ्लॅट्स) म्हणतात त्यात, तो नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा असतो. पान्याचं तोंडही तेवढंच. जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीत तो बोल्टच्या दांड्याच्या जाडीचा. आपल्याकडे वेल्डिंगवाला ‘चार सुताचा बोल्ट दे’ म्हणतो तेव्हा तोही दांड्याची जाडीच सांगत असतो, डोकं केवढं ते सांगत नाही. व्हिटवर्थचा पाना त्याच रीतीने बोलतो: ‘मी अर्ध्या इंचाच्या बोल्टचा.’ त्या बोल्टचं डोकं अर्थातच बरंच मोठं, ०.९२० इंच.

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात आट्यांचं प्रमाण मांडलं, आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला. दोन देशांचे बोल्ट तिथूनच वेगळ्या वाटेने गेले, आणि मोटारींनी पुढे आपापल्या देशाची वाट धरली. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने सामाईक आटा ठरवला. त्यानंतर पन्नासच्या दशकात इंग्रजी गाड्याही हळूहळू ए.एफ.कडे वळल्या. म्हणूनच १९३५ च्या मॉरिसचा मूळ संच म्हणून कुणी सगळे ए.एफ. पाने पुढे केले, तर ते मागाहून कुणीतरी भरलेले आहेत असं मी धरून चालतो.

गोव्यात ही गल्लत जास्त होते, कारण १९६१ आधी इथे इंग्रजी, अमेरिकी आणि जर्मन गाड्या एकाच रस्त्यावर धावत होत्या. मुक्तीनंतर अँबेसेडर आल्या, फियाट आल्या. गॅरेजातल्या मेस्ताच्या एकाच पेटीत तीन पद्धतींचे पाने जमले. मेस्त वारला, पोरगा दुसऱ्या धंद्यात गेला, की ती पेटी तशीच्या तशी भंगारात जाते. मला बरेचसे पाने असेच मिळाले, किलोच्या भावात.

फरक मला कळला तो एक नट गमावून. ओळखीच्यांची जुनी मॉरिस होती. इंजिनाच्या एका नटावर तेरा मिलिमीटरचा पाना बसेना, चौदाचा बसला पण ढिला. मी चौदाचाच लावला, जोर दिला, आणि नटाच्या कडा मऊ लोण्यासारख्या गेल्या. डोकं गोल. तो नट पाव इंची व्हिटवर्थच्या पान्याचा, ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. ‘तेराचा जात नाही, चौदाचा फिरतो’ ही तक्रार ऐकली की आता मला पुढचं काही विचारावं लागत नाही.

गंमत म्हणजे त्या इंजिनाचे आटे मेट्रिक होते. मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रं फ्रेंच मापाची. आटे मेट्रिकच राहिले, पण डोकी व्हिटवर्थची ठेवली, म्हणजे इंग्रज मेकॅनिकच्या हातातले पाने चालावेत. पान्याला आट्याशी देणंघेणं नाही, तो डोक्यापुरता. त्यामुळे मॉरिसच्या संचातला पाना व्हिटवर्थचाच शोधायचा, आटा काहीही असो.

फोर्डची गोष्ट वेगळी. गाडीच्या पिशवीतून मिळणाऱ्या फोर्डच्या पान्यांवर वळणदार अक्षरातलं नाव असतं, कधी सुट्या भागाचा क्रमांक असतो, माप सहसा नसतंच. ‘टी-१९१७’ लिहिलेला पाना दाखवून कुणी १९१७ सालचा म्हणून सांगेल. ते साल नव्हे, मॉडेल टीच्या पान्याचा क्रमांक आहे, आणि ती गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत बनत होती. इंग्लंडात, डॅगेनहॅमला बनलेल्या फोर्डनीही अमेरिकी मापच पाळलं. तेव्हा पान्यावर फोर्डबरोबर इंग्लंडचं नाव दिसलं म्हणून तो व्हिटवर्थ ठरत नाही.

व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी सरकती मोजपट्टी, घेऊन बसलात तर काम सोपं. १२.७, १४.३, १५.९, १७.५ च्या आसपास तोंड आलं तर ए.एफ. ११.३, १३.३, १५.२ आलं तर व्हिटवर्थ. नवीन तोंडही मापापेक्षा केसभर मोठंच ठेवतात आणि वापराने ते आणखी फाकतं, त्यामुळे टोकाशी मोजू नका, आत जिथे झीज कमी तिथे मोजा. इंग्रजी पान्यावर कधी १/४ डब्ल्यू आणि ५/१६ बी.एस. असे दोन आकडे एकाच तोंडावर सापडतात. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, बी.एस. म्हणजे बारीक आट्याचा बी.एस.एफ. (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) बोल्ट. त्याचं डोकं व्हिटवर्थपेक्षा एक पायरी लहान, म्हणून एकच तोंड दोघांना लागतं.

काही जागी मात्र व्हर्नियर हात टेकतो. उदाहरणार्थ, ३/८ व्हिटवर्थचं तोंड ०.७१० इंच, म्हणजे १८.०३ मिलिमीटर. अठराचा मेट्रिक पाना आणि हा, मोजून वेगळे करता येत नाहीत. तिथे कोरलेली अक्षरंच खरी. आणि आपल्या पावसाळी हवेत तीच आधी जातात. भंगारातून आणलेला पाना मी दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवतो, मग पितळी तारेच्या ब्रशने अलगद घासतो आणि तेलाचं फडकं फिरवतो. ग्राइंडर अजिबात लावत नाही. परवाच एकाने चकचकीत केलेला पाना आणून दाखवला. तोंड १८ चं, आणि दोन्ही बाजू आरशासारख्या कोऱ्या.