पोटरीत टोचलेल्या पेशी नेमकं काय करतात?

‘स्टेम सेल (मूलपेशी) टोचल्या की त्यांच्याच नव्या रक्तवाहिन्या बनतात’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. समज चुकीचा आहे, आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी सुंदर आहे.

बर्गर रोग घ्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्या, बहुधा ऐन तरण्या माणसाच्या हातापायांतल्या धमन्या सुजतात, गुठळ्यांनी बुजतात. आधी चालताना पोटरी भरून येते, पुढे बसल्या जागीही पाय ठणकतो. रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडला तरच जरा बरं वाटतं. मग बोटाचं टोक काळं पडतं. घरचे करणी म्हणून अंगारा लावत बसतात, त्यात मोलाचे आठवडे जातात.

आपल्या पेशींत एरवी एचआयएफ हे प्रथिन सतत बनत आणि लगेच मोडीत निघत असतं. त्यावर मोडीचा शिक्का मारणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन लागतो. अशा पायात ऑक्सिजन आटला की शिक्का बसत नाही. प्रथिन साचतं, केंद्रकात शिरतं आणि व्हीईजीएफ या निरोप्याचं जनुक चालू करतं. (पेशींना ऑक्सिजनची चाहूल कशी लागते, या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं.) निरोप जवळच्या केशवाहिनीला पोचतो. तिच्या अस्तरातली एक पेशी बोटांसारखे तंतू काढत, निरोप जिकडे दाट तिकडे चाचपडत निघते. त्याच वेळी नॉच या प्रथिनामार्फत शेजारणींना बजावते, तुम्ही मागेच राहा. त्या मागून विभागत जातात, देठ लांबतो, मधे पोकळी पडते. दोन देठांची टोकं भेटली की रक्त वाहू लागतं. सगळ्याच पुढे धावल्या असत्या तर नळीऐवजी नुसता गुंता झाला असता!

अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल नावाच्या मूलपेशी असेच निरोप सोडतात, सूजही शमवतात. स्वतः मात्र बहुतेक जणी काही दिवसांत, फार तर आठवड्यांत मरतात. दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या अशा पेशींच्या ‘स्टेमप्यूसेल’ या औषधाला अशा पायांसाठी भारतात २०२० मध्ये मान्यता मिळाली: वजनाच्या किलोमागे २० लाख पेशी, थेट पोटरीच्या स्नायूत.

उलट नेदरलँड्समधल्या ज्युव्हेंटास चाचणीत १६० रुग्णांपैकी काहींच्या धमनीत त्यांच्याच मज्जेतल्या पेशी सोडल्या, बाकीच्यांना या पेशी नसलेलं द्रावण दिलं. पाय कापावे लागण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून गुडघ्यापासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर ‘स्टेम सेल’ विकणाऱ्यांना आधी विचारा: कुठल्या पेशी, कुठल्या रोगासाठी मान्य?

आणि बर्गर रोगात दिवसाला एखादी विडी चालू राहिली, तरी धमन्या बुजतच राहतात.